अंगकोरची देवळं बघायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबोडियाहून परत आल्यापासून नातेवाईक, सोसायटीतले लोक आणि ट्रेकच्या ग्रुपवरची मंडळी तेच ते प्रश्न विचारतात. किती दिवस लागतात, शाकाहारी मिळतं का, आईला चढवेल का, आणि हमखास येणारा, "ते आपलंच ना सगळं?" एकदाचं लिहून ठेवतो. काही उत्तरं दोन ओळींत संपतील, काही लांबतील. लांबलेल्या ठिकाणी मलाच बोलायची हौस होती असं समजा.

अंगकोर वाट म्हणजे एक देऊळ की अख्खं शहर?

अंगकोर वाट हे एक देऊळ. अंगकोर हा सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा संरक्षित परिसर, आणि त्यात अशी कितीतरी देवळं, तलाव, तटबंद्या, जुने रस्ते आहेत. ९व्या ते १५व्या शतकापर्यंत इथे ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या मूळ लोकांच्या राज्याच्या राजधान्या होत्या. 'अंगकोर' हा शब्द आपल्या 'नगर'चाच बदललेला उच्चार, आणि 'वाट' म्हणजे बौद्ध विहार. १९९२ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवलं. मुक्कामाचं गाव सिएम रीप. तिथून अंगकोर वाट टुकटुकने वीसएक मिनिटांवर आहे.

किती दिवस ठेवावेत?

तीन. एका दिवसात अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम 'उरकणारे' लोक मी पाहिलेत. तिसऱ्या देवळापर्यंत त्यांना फक्त सावली आणि नारळपाणी दिसत असतं. एका दिवशी दोन, फार तर तीन देवळं बघा. सकाळी लवकर निघा, दुपारी अकरा ते तीन हॉटेलवर झोपा, मग पुन्हा बाहेर पडा. टुकटुकवाले 'छोटा फेरा' आणि 'मोठा फेरा' म्हणतात, अनुक्रमे १७ आणि २६ किलोमीटरचे. दोन्ही फेरे एकाच दिवसात मारून देतो म्हणणारा चालक भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

तिकीट कसं काढायचं? महाग आहे का?

आहे. एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. हे २०१७ साली ठरलेले दर आहेत, जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. तीन दिवस सलग वापरावे लागत नाहीत, दहा दिवसांत कुठलेही तीन चालतात. सात दिवसांचा पास महिनाभर चालतो. प्रत्येक तिकिटातले २ डॉलर कांथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात.

पास फक्त सरकारी तिकीटघरात किंवा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यावर तुमचा फोटो छापलेला असतो आणि देवळादेवळाच्या दारात तो तपासतात, त्यामुळे दुसऱ्याचा उरलेला पास 'स्वस्तात' घ्यायच्या फंदात पडू नका. तिकीटघर गावापासून चारएक किलोमीटरवर आहे, देवळांच्या दारात नाही. पावणेपाचनंतर दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं तर त्याच संध्याकाळी आत जाऊन सूर्यास्त बघता येतो आणि तो दिवस मोजत नाहीत.

मुलांचं तिकीट?

१२ वर्षांखालच्यांना लागत नाही. वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, म्हणून गर्दीही तेव्हाच. मार्च ते मेमध्ये दगड तव्यासारखा तापतो. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नववर्ष असतं, तेव्हा अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. मला विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. पाऊस बहुधा दुपारी येतो, खंदक तुडुंब भरलेले, भिंतींवर शेवाळ, आणि ओला वालुकाश्म वेगळ्याच रंगाचा दिसतो. पावसाळ्यात गड चढणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बूट मात्र पकड असलेले घ्या.

विमान, व्हिसा, पैसे?

मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून जाणं सोयीचं. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि तो गावापासून ४० किलोमीटरहून लांब आहे. जुन्या प्रवासवर्णनांत 'विमानतळावरून दहा मिनिटांत हॉटेल' वाचलं असेल तर ते विसरा. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा, शोधताना वर दिसणारी एजंटांची पानं जास्त पैसे घेतात. उतरण्याआधी ऑनलाइन आगमन-अर्जही भरायचा असतो.

व्यवहार डॉलरमध्ये चालतात, सुट्टे रिएलमध्ये परत मिळतात. साधारण ४,००० रिएलला एक डॉलर. नोट जराशी फाटलेली असली तरी कुणी घेत नाही, म्हणून इथून नेतानाच कोऱ्या नोटा मागून घ्या.

अंगकोर वाटचा सूर्योदय बघावाच का?

एकदा बघा. देऊळ पहाटे पाचला उघडतं. डावीकडच्या तळ्याच्या काठावर तुमच्याआधीच शेकडो लोक मोबाइल उंचावून उभे असतील. पण खरी मजा सूर्य वर आल्यावर आहे. सगळी गर्दी नाश्त्याला पळते आणि तासभर आतल्या ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात. तेव्हा परत फिरू नका, सरळ आत जा.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य कळसांच्या मागून उगवतो. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो बरोबर मधल्या शिखरावर येतो.

देऊळ पश्चिमेकडे तोंड करून का?

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अंगकोर वाट १२व्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी बांधलं. पश्चिम दिशा विष्णूची, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते ते राजाचं समाधिस्थान असावं. भिंतींवरचे शिल्पपट ओळीने बघायचे तर देऊळ डाव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट, अपसव्य चालावं लागतं, आणि समाधीचा तर्क करणारे त्याकडेही बोट दाखवतात. मी दोन्ही बाजूंनी चाललोय. कथा उलट्या बाजूनेच नीट लागतात.

ते आपल्याच लोकांनी बांधलं ना?

नाही. ख्मेर लोकांनी बांधलं.

एवढं म्हटल्यावर समोरचा हिरमुसतो, म्हणून जरा सविस्तर. शिव, विष्णू, संस्कृत, रामायण-महाभारत हे सगळं समुद्रमार्गे व्यापारी आणि पुरोहितांबरोबर शतकानुशतकं तिकडे जात राहिलं. कुणा भारतीय राजाने कंबोडिया जिंकला म्हणून ते गेलं नाही. इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मनने कुलेन डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती घोषित केलं, आणि ही हकीकत ११व्या शतकातल्या एका शिलालेखात संस्कृत आणि ख्मेर अशा दोन भाषांत कोरलेली आहे. पुढचं सगळं त्यांचं. सपाट भातजमिनीवर दगडाचा मेरू रचायचा, भोवती समुद्र म्हणून खंदक खणायचा, शेजारी आठ किलोमीटर लांबीचा तलाव बांधायचा, ही त्यांची कल्पना. राजेसुद्धा लाकडी वाड्यांत राहत, दगड फक्त देवांसाठी. म्हणून आज देवळं उरली आणि त्यांच्या भोवतीचं लाखो माणसांचं शहर मातीत गेलं. विमानातून लेझर सोडून जमीन मोजली, तेव्हा २०१२नंतर त्या शहराचे रस्ते आणि चौक झाडीखाली पुन्हा दिसले.

वेरूळच्या कैलासाशी तुलना सगळेच करतात. ती करा, पण नीट करा. कैलास वरून खाली खोदलेला, इथे डोंगर नसताना डोंगर रचलेला. दोन्हींमध्ये जवळजवळ चार शतकांचं अंतर आहे.

आमच्या गाईडला एका गटाने "हे सगळं मूळ आमचंच" असं ऐकवलं. तो हसला आणि पुढे चालू लागला. हे वाक्य त्याने आधी शंभरदा ऐकलं असणार.

मग ओळखीचं काहीच नाही का?

भरपूर आहे, आणि अनपेक्षित ठिकाणी आहे. शिलालेखांवरचा काळ शकात दिलेला असतो. आपल्या पंचांगात पाडव्याला बदलतो तोच शालिवाहन शक. मेकाँगकाठच्या सांबोर इथल्या एका शिलालेखावर शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३ असं वर्ष आहे, आणि त्यातलं शून्य ठिपक्याने लिहिलंय. कालनिश्चिती पक्की असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी ते एक. तो दगड आता नोम पेनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजधानीत एक दिवस काढणार असाल तर चुकवू नका.

दुसरं म्हणजे जांभा. देवळांचे चौथरे, तट आणि आतला भराव जांभ्याचा, बाहेरचं कोरीवकाम वालुकाश्मात. कोकणातल्या माणसाला ते भोकाभोकांचे लालसर चिरे बघून क्षणभर घराचा गडगा (दगडी कुंपण) आठवतो.

भिंतींवरची शिल्पं गाईडशिवाय ओळखता येतील?

मराठी घरात वाढलेल्या माणसाला इतर पर्यटकांपेक्षा कितीतरी जास्त ओळखता येतील. अंगकोर वाटच्या पश्चिम ओवरीत उजवीकडे कुरुक्षेत्र आहे. शरशय्येवरचा भीष्म शोधा, सापडतो. त्याच ओवरीच्या डाव्या भागात लंकेची लढाई, वानर राक्षसांना चक्क चावताहेत. दक्षिणेकडे राजा सूर्यवर्मन स्वतः सैन्यासह, आणि पुढे स्वर्ग-नरक. यमाशेजारी चित्रगुप्तही आहे. पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म.

तिथे देवांच्या बाजूला, वासुकीच्या शेपटाशी एक धिप्पाड वानर दिसेल. आपल्या समुद्रमंथनात वानर कुठून आला? हाच प्रश्न पडायला हवा. कथा इकडून गेली, पण सांगणाऱ्याने ती आपल्या पद्धतीने सांगितली. रामायणाचंही तसंच. त्यांचं 'रामकेर' वाल्मीकींच्या वाटेने चालतं आणि मध्येच आपली वाट धरतं.

गाईड घ्यावा की नाही?

पहिल्या दिवशी घ्या, परवाना असलेला. नंतर एकटे फिरा.

बायोनवरचे चेहरे कोणाचे?

लोकेश्वर बोधिसत्त्वाचे, की तो बांधणाऱ्या सातव्या जयवर्मनचे? दोन्ही मतं आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ११८१ साली गादीवर आलेला हा राजा महायान बौद्ध होता. तीन किलोमीटर बाजूचं चौकोनी, तटबंद अंगकोर थोम शहर त्याचंच, बायोन त्याच्या मधोमध. चेहरे बघून सगळे परततात, पण खालच्या बाहेरच्या भिंती बघाच. शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी झालेली होड्यांमधली लढाई आहे, आणि तिच्या आजूबाजूला बाजार, कोंबड्यांची झुंज, चुलीवरची भांडी, बाळंतीण. देवादिकांना कंटाळलेल्या माणसासाठी उत्तम.

मुख्य शिखराखालच्या खड्ड्यात १९३३ साली बुद्धाची मोठी मूर्ती तुकडे होऊन पडलेली सापडली. सातव्या जयवर्मननंतर शैवांचा जोर वाढला तेव्हा अनेक बुद्धमूर्ती फोडल्या किंवा खरवडल्या गेल्या. सगळं सलोख्यात चाललं होतं असं समजायचं कारण नाही.

झाडांनी गिळलेलं देऊळ कोणतं? ते साफ का करत नाहीत?

ता प्रोम. याच राजाने आईच्या स्मरणार्थ ११८६ साली उभारलेला विहार. तिथल्या शिलालेखात विहाराच्या सेवेला लावलेल्या माणसांचा हिशेब आहे. आत राहणारे १२,६४०, त्यात ६१५ नर्तकी, आणि बाहेरच्या गावांतून राबणारे हजारो.

फ्रेंच संशोधकांनी हे देऊळ मुद्दाम 'सापडलं तसं' ठेवलं. आता मुळंच भिंती धरून आहेत आणि मुळंच त्या फोडताहेत, त्यामुळे झाड काढलं तरी पंचाईत आणि ठेवलं तरी पंचाईत. सर्वांत मोठी झाडं टेट्रामेलिस जातीची, सह्याद्रीच्या जंगलातही ती वाढतात. २००० सालानंतर इथे डागडुजीचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं करतंय. त्याआधी १९८६ ते १९९३ या काळात, यादवी संपलेली नसताना, भारतीय पथकाने अंगकोर वाटमध्ये काम केलं. त्या वेळच्या सफाईच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, पण दुसरं कुणी यायला तयार नव्हतं तेव्हा हे लोक गेले होते, हेही खरं.

दुरुस्ती म्हणजे काय असतं ते बघायचं तर बाफुऑन बघा. १९६०च्या दशकात सुमारे तीन लाख दगड सुटे करून, क्रमांक घालून रानात मांडले. मग ख्मेर रूज या कडव्या कम्युनिस्ट राजवटीचा काळ आला आणि क्रमांकांच्या वह्याच नष्ट झाल्या. १९९५ला पुन्हा सुरुवात करून देऊळ पुरं व्हायला २०११ उजाडलं.

बांतेय स्रेई लांब आहे. टाळलं तर चालेल?

इतर कुठलंही टाळा, हे नको. गावापासून पस्तीसएक किलोमीटर. देऊळ इतकं छोटं की पहिल्यांदा "एवढंच?" वाटतं. मग जवळ जा. गुलाबी वालुकाश्मात लाकडासारखं कोरलंय. हे कुणा राजाने नव्हे, यज्ञवराह नावाच्या राजगुरूने शके ८८९, म्हणजे इ.स. ९६७ मध्ये बांधलं. दारावरच्या पटात रावण कैलास हलवतोय. हाच प्रसंग वेरूळला आहे, पण इथे पर्वत पायऱ्यांचा आहे आणि घाबरलेले प्राणी पळताहेत. खांडववन, नरसिंह, वाली-सुग्रीवही आहेत. १९२३ साली फ्रेंच लेखक आंद्रे मालरो इथल्या मूर्ती कापून नेताना पकडले गेले. पुढे तेच फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री झाले.

वाटेत ताडाचा रस मोठ्या कढईत आटवून गूळ करणाऱ्या बायका दिसतील. थांबा, चाखा, घ्या.

आईवडिलांना झेपेल का?

अंगकोर वाटचा खालचा भाग, बायोनची बाहेरची भिंत, बांतेय स्रेई आणि ता प्रोम सावकाश झेपतं, मात्र उंच उंबरठे जागोजागी आहेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या मजल्याचा जिना फार उभा, गुडघे दुखत असतील तर नको. तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, एका वेळी मोजकेच लोक वर जातात आणि बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी तो मजला बंद असतो. ता केओ या उंच देवळाच्या पायऱ्या तर माझ्याच्याने अर्ध्यावर सुटल्या.

कपड्यांचं काय?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वरच्या मजल्यावर ओढणी खांद्यावर टाकून भागत नाही, बाह्यांचा कपडाच लागतो. भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करू नये, त्यांचे फोटो विचारून काढावेत.

पूजा करता येते का?

अंगकोर वाट आज बौद्धांचं चालतं-बोलतं स्थान आहे. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा उंच विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला 'ता रीच' म्हणतात, भगवं वस्त्र नेसवतात, नवस बोलतात. हात जोडा, उदबत्ती लावा, कुणी अडवत नाही. मोठ्याने आरत्या मात्र नकोत, मी ऐकल्यात. काही देवळांत कुणी हातात उदबत्ती देईल आणि मग दक्षिणा मागेल. नको असेल तर हातात घेऊच नका.

"हरवलेलं शहर" ते हेच का?

हरवलं कुणासाठी? १५व्या शतकात राजधानी हलली, पण भिक्षू अंगकोर वाट सोडून गेले नाहीत. १६३२ साली आलेल्या एका जपानी यात्रेकरूने तिथल्या खांबावर शाईने मजकूर लिहून ठेवलाय. आंरी मूओ हा फ्रेंच प्रवासी १८६०ला पोचला, आणि त्याच्या वर्णनांमुळे युरोपला 'शोध' लागला.

शाकाहारी जेवण?

सिएम रीपमध्ये मिळतं, भारतीय हॉटेलंही आहेत. अडचण मासळीच्या सॉसची. भाजीतही तो घालतात आणि त्यांच्या लेखी ते मांसाहारात मोडत नाही. 'बुओस' म्हणजे भिक्षूंच्या व्रताचं, शाकाहारी. हा शब्द सांगा. वर 'ओत साच, ओत त्रेई' म्हणा, मांस नको, मासे नकोत. केळं घालून पानात गुंडाळलेला चिकट भात रस्त्यावर मिळतो, प्रवासाला बरा. कडक उपवासवाल्यांनी दाण्याचं कूट घरून न्यावं.

लांबची देवळं करावीत का? सुरुंगांचं ऐकलं होतं.

वेळ असेल तर बेंग मेआलिया करा, ते मुख्य पासातच येतं. कोह केरचा ३६ मीटर उंच पायऱ्यांचा पिरॅमिड आणि कुलेन डोंगर यांना वेगळं तिकीट लागतं. क्बाल स्पीआनला नदीच्या पात्रातच शेकडो लिंगं आणि शेषशायी विष्णू कोरलाय, दीड किलोमीटर चढून जावं लागतं.

पर्यटकांच्या वाटा सुरुंगमुक्त केलेल्या आहेत. ग्रामीण भागात, खास करून थायलंडच्या सीमेकडे, मळलेली वाट सोडू नका. लघवीला झुडपात शिरायची आपली सवय इथे घरी ठेवून या.

प्रेह विहिआरचं देऊळ ५२५ मीटर उंच कड्यावर, थेट सीमेवर आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली ते कंबोडियाचं ठरवलं, पण वाद मिटला नाही. २०२५ साली दोन्ही देशांत पुन्हा लढाई पेटली आणि जमिनीवरच्या सीमाचौक्या बंद झाल्या. ताज्या बातम्या पाहिल्याशिवाय तिकडचा बेत नको, आणि बँकॉकहून बसने सिएम रीपला यायची जुनी युक्तीही त्याच यादीत. ख्मेर देवळं थायलंडमध्ये फिमाई आणि फनोम रुंगला, लाओसमध्ये वाट फूलाही आहेत. ती त्या त्या देशातून करा.

दारात मुलं पोस्टकार्डं विकतात. घ्यावीत का?

नको. विक्री चांगली झाली की मूल शाळेऐवजी तिथेच राहतं. फळं, पाणी, गमछा मोठ्यांच्या टपरीवरून घ्या.

जुनी मूर्ती विकत आणता येते का?

येत नाही, आणि कुणी 'जुनी' म्हणून दाखवली तर एक तर ती खोटी असते किंवा चोरीची. यादवीच्या काळात मूर्ती पायापाशी कापून सीमेपार नेल्या गेल्या. कोह केरला अजून नुसते पायच उरलेले चौथरे आहेत. डग्लस लॅचफर्ड या व्यापाऱ्यावर अमेरिकेत २०१९ साली आरोपपत्र दाखल झालं, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३च्या अखेरीस त्याच्याशी संबंधित १४ मूर्ती कंबोडियाला परत द्यायचं जाहीर केलं. नवी, आजच्या कारागिराने कोरलेली मूर्ती खुशाल घ्या, पावती मागून घ्या. आणि दगडाचीच हवी असेल तर आधी उचलून बघा. माझा छोटासा गणपती सामानाच्या वजनात सहा किलो भरला.